अकरा वर्षं न रंगवलेला जिना

मी जिना रंगवला. माझ्या हातून घडलं ते एवढंच, आणि ते मी कोणापासून लपवलं नाही. लपवणार तरी कसं? हिरवागार जिना गल्लीच्या तोंडापासून दिसत होता.

हा जिना आमच्या घराच्या बाहेरून वरच्या खोलीकडे जातो. लोखंडी आहे. पंधरा पायऱ्या, वर छोटा सज्जा आणि सज्ज्यावर कपडे वाळत घालायची दांडी. शिओझाका हे आमचं गाव समुद्राला इतकं चिकटून आहे की इथे सायकलसुद्धा दोन पावसाळ्यांत म्हातारी होते. माझी बायको किनुए दर वसंतात म्हणायची, "अहो, यंदा तरी जिना रंगवा." मी दर वसंतात म्हणायचो, यंदा नक्की. असं अकरा वर्षं चाललं. मग दोन वर्षांपूर्वी तिने म्हणणंच सोडलं. मला वाटलं, दमली. खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

ऑगस्टमध्ये ओबोन. गेलेली माणसं तीन दिवस घरी येतात, आणि त्यातून पहिलंच वर्ष असलं की घर जरा नीट ठेवावं लागतं. मी विचार केला, ती येईल तेव्हा तिला निदान जिना तरी रंगवलेला दिसावा. चाळीस वर्षं मी पाणीखात्यात मीटर वाचले. माझा संबंध आकड्यांशी, रंगांशी नाही. दुकानदाराला म्हणालो, गंज दिसणार नाही असं काहीतरी द्या. त्याने गडद हिरवा दिला. जूनमध्ये चार दिवस मी पायरीन् पायरी घासली, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत खरवडली, जुन्या रंगाचा कपटासुद्धा ठेवला नाही. गंजरोधकाचे दोन हात, वर हिरव्याचे दोन. सगळी खरवड पिशवीत भरून न जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी टाकून आलो. आयुष्यात एक काम असं नीट केलं.

शेजारच्या त्सुकुदा वहिनी बाजारातून येत होत्या. जिना बघितला आणि हातातल्या पिशवीतला मुळा तसाच धरून उभ्या राहिल्या. मी वाट बघत होतो की म्हणतील, छान झालाय. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कुणाला विचारलंत?"

माझ्याच घराचा जिना रंगवायला मी कोणाला विचारायचं, हे मला कळलं नाही. त्या मुळा सावरत घरात गेल्या. मी समजलो, हेवा.

शनिवारी मुली आल्या. मेपासून आमच्या गल्लीत शनिवार-रविवारी पोरी यायच्या, फोन उंच धरून फोटो काढायच्या. मी समजत होतो की इशिगुरो सरांच्या कुंपणावर झोपणाऱ्या मांजराचे काढतात, कारण ते मांजर खरोखर जाडं आहे. त्या दिवशी पाच जणी माझ्या जिन्यासमोर उभ्या राहिल्या आणि पाचही फोन खाली आले. एकीने तोंडावर हात ठेवला. दुसरी तर सरळ रडायलाच लागली. मी बाहेर आलो आणि सांगितलं की रंग वाळलाय, हात लावला तरी चालेल, खाली गंजरोधकाचे दोन हात दिलेत. त्यावर पाचही जणी कमरेत वाकल्या, त्रास दिल्याबद्दल माझी माफी मागितली आणि निघून गेल्या. इतक्या सभ्यपणे माझा अपमान यापूर्वी कोणी केला नव्हता.

मी तडक त्सुकुदा वहिनींकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, जवाचा थंड चहा दिला आणि गेली दोन वर्षं जे सगळ्या गल्लीला माहीत होतं ते मला सांगितलं.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात टोकियोहून कार्टूनचा चित्रपट काढणारी माणसं आली होती. मी तेव्हा शोगी, म्हणजे आमचं बुद्धिबळ, खेळायला गेलो होतो. मी बहुतेक शोगी खेळायलाच गेलेला असतो. दोन तरुण पोरांची गोष्ट, दोघं एका बँडमध्ये, एक गिटार वाजवतो, एक ड्रम, आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम बसतं. प्रेमाची कबुली एका जुन्या जिन्यावर व्हायची होती, आणि त्यांना आमचा जिना पसंत पडला. त्यांनी तासभर फोटो काढले. जाताना कुसाका नावाचा त्यांच्यातला एक जण किनुएला म्हणाला, चित्रपट चालला तर बघणारी मुलं इथे येतील, तेव्हा पुढची तीन वर्षं जिना आहे तसाच राहिला तर उपकार होतील. त्याने कागदही आणला होता. किनुएने सही केली, शिक्का मारला. शिक्का माझा होता.

"आणि काय म्हणाली माहीत आहे?" वहिनी म्हणाल्या. "म्हणाली, बिलकुल काळजी करू नका. आमच्या ह्यांना अकरा वर्षं सांगतेय, जिन्याला बोट लावलेलं नाही. पुढेही लावणार नाहीत. ह्या बाबतीत माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे."

मी चहा खाली ठेवला. मला का नाही सांगितलं, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, तेही मी तिला विचारलं होतं. सांगितलं तर उद्याच रंगवायला घेतील, असं तिचं उत्तर होतं.

म्हणजे ती दमली नव्हती. आमच्या अडतीस वर्षांच्या संसारात तिने एकदाच माझ्या भरवशावर परक्या माणसाला शब्द दिला, माझ्या आळसावर संपूर्ण विश्वास टाकून. आणि तो शब्द मी मोडला होता, दोन हात देऊन.

ठरलं. ती घरी येण्याच्या आत जिना होता तसा करायचा. जेमतेम दोन महिने हातात होते आणि मला ते भरपूर वाटले.

पहिला प्रश्न असा की होता तसा म्हणजे कसा? मूळचा निळा, एवढं मला आठवत होतं. त्यानंतर तीस वर्षांचं ऊन आणि खारं वारं. इशिगुरो सर आमच्या मोहल्ला मंडळाचे अध्यक्ष, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना मी नुसतं विचारायला गेलो आणि त्यांनी बैठक लावली. बैठकीत ते पहिली दहा मिनिटं अस्वस्थ होते. दोन मुलगे, प्रेम, आपली गल्ली, असं काहीतरी पुटपुटत होते. त्सुकुदा वहिनींनी विचारलं की सर, तुमच्या बायकोच्या बहिणीचं सरबताचं दुकान मे महिन्यापासून कसं चाललंय? त्यावर सर म्हणाले की कला ही कला असते, आणि विषय संपला. मला त्या पोरांच्या प्रेमाची काही अडचण नव्हती. माझी अडचण रंगाची होती, पण तिथपर्यंत यायला बैठकीला दीड तास लागला.

शेवटी असं ठरलं की घरोघर फिरणाऱ्या सूचनाफळीला कागद अडकवायचा: मोरिवाकी यांच्या जिन्याचा पूर्वीचा रंग कोणता? फळी तेवीस घरं फिरून बारा दिवसांनी आली. निळा, सात. राखाडी, सहा. 'पाऊस येणार असताना समुद्र दिसतो तसा', एक. तपकिरी, चार. 'जिना आहे हे माहीत नव्हतं', चार. एका घराने हिरवा लिहिलं होतं. ते इशिगुरो सरांचं घर होतं. ते म्हणाले, प्रश्न नीट वाचला नव्हता.

त्याच सुमारास नगरपालिकेतून पत्र आलं. आमची गल्ली समुद्रावरून दिसते, म्हणून ती देखाव्याच्या संरक्षित पट्ट्यात येते. अशा ठिकाणी बाहेरचा रंग बदलायचा तर तीस दिवस आधी कळवावं लागतं. मी कळवलं नव्हतं. कोणीतरी तक्रार केली होती. कोणी, ते मी विचारलं नाही, पण आठवडाभर मी मांजराकडेसुद्धा संशयाने बघत होतो.

खिडकीवर नागाए नावाचा तरुण कारकून होता, अतिशय नम्र. मी म्हणालो, साहेब, उत्तम, मी हा रंग काढूनच टाकतोय, जुना रंग परत देतोय. तो म्हणाला, फार चांगलं, पण तोही रंगबदलच झाला. त्यालाही तीस दिवस आधी कळवावं लागेल. म्हणजे बेकायदा रंगवायला मला चार दिवस लागले होते आणि कायद्याने तो काढायला महिना थांबायचं होतं. शिवाय अर्जात रंगाचा क्रमांक हवा. मी म्हणालो, गंजलेल्या निळ्याला क्रमांक कुठला? तो म्हणाला, प्रत्येक रंगाला क्रमांक असतो. हे वाक्य चाळीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसाला ऐकवण्यात आलं.

जुना फोटो शोधला. लग्नापासूनचे सगळे अल्बम काढले. देवळं आहेत, बर्फ आहे, अनोळखी लोकांची जेवणं आहेत. जिना कुठेच नाही. मग पुढच्या शनिवारी मी खुर्ची टाकून गल्लीत बसलो आणि पहिल्या दिवशी रडलेली मुलगी येताच तिला हाक मारली. तिचं नाव चिसातो, बंदरापलीकडच्या कॉलेजात शिकते. तिला सगळं सांगितलं. ती पुन्हा रडली, नाक पुसलं आणि दोन दिवसांत मला चाळीस फोटो आणून दिले. ते चाळीस रंगांचे होते. या मुली फोटो आहे तसा ठेवत नाहीत. एकात तर जिना गुलाबी होता आणि पायऱ्यांवर चांदण्या पडत होत्या.

"आजोबा, हे सोडा," ती म्हणाली. "चित्रपटात दिसतो तोच खरा रंग. शब्द त्याचाच दिलाय ना आजींनी?"

बोलणं बरोबर होतं. अडचण एवढीच की चित्रपटगृहात पडद्याचा फोटो काढणं गुन्हा आहे, आणि एक गुन्हा माझ्या नावावर आधीच होता. म्हणून मी रंगाच्या दुकानातून नमुन्यांची पट्टी मागून आणली. सहाशे रंग, प्रत्येकाखाली क्रमांक, पंख्यासारखी उघडते. आणि एक छोटी विजेरी.

दुपारचा खेळ होता. दोनशे मुली आणि मी. दारात सगळ्यांना बंद पाकीट देत होते, आत कुठलं तरी चित्र. माझ्यात ड्रमवाला निघाला. शेजारच्या मुलीने विचारलं, काका, बदलता का, माझ्याकडे गिटारवाला आलाय. मी म्हणालो, दोन्ही ठेव. तिला इतका आनंद झाला की मला संशय आला मी काहीतरी फार मोलाचं देऊन बसलो. जिना एकाहत्तराव्या मिनिटाला येतो असं चिसातोने सांगितलं होतं. एकाहत्तराव्या मिनिटाला मी पंखा उघडला आणि विजेरी लावली. पडद्यावर दोन पोरं एकमेकांच्या जवळ येत होती, दोनशे मुलींनी श्वास रोखला होता, आणि पाचव्या रांगेत एक म्हातारा उजेड पाडून राखाडी शोधत होता. चित्रपटगृहात काम करणारी मुलगी गुडघ्यांवर चालत माझ्यापर्यंत आली. मग बाहेर, व्हरांड्यात, तिचे साहेब. मी जिन्याचा मालक आहे असं सांगितलं. साहेब म्हणाले, असं बरेच जण सांगतात.

दुसऱ्यांदा विजेरी नेली नाही. अंधारात अंदाजाने कोपरे दुमडले. बाहेर येऊन बघितलं तर सात कोपरे दुमडलेले, काळ्यापासून सायीच्या रंगापर्यंत.

तिसऱ्यांदा चिसातो बरोबर आली. म्हणाली, आजोबा, पट्टी द्या इकडे. तुम्ही नुसते बघा.

तेव्हा मी चित्रपट पहिल्यांदा बघितला. तो ड्रमवाला शाळेपासून त्या गिटारवाल्याच्या मागे बसून ताल धरतोय आणि बोलत काही नाही. दुसरा बिचारा पुढे तोंड करून गातोय, त्याला मागचं काय दिसणार? मला त्या ड्रमवाल्याचा राग यायला लागला. अरे बोल ना. असं मी बहुधा मोठ्याने म्हणालो, कारण पुढच्या दोघी वळल्या, पण चिडल्या नाहीत, त्यांनी मान डोलावली. मग जिन्यावर तो बोलला. फार काही नाही, एकच वाक्य, तेही अडखळत. विशीतलं पोरगं, धड नोकरी नाही, आणि माझ्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ते बोलून गेलं जे मला त्याच घरात राहून अडतीस वर्षांत जमलं नाही. मी डोळे पुसत होतो, म्हणून मागचं मला उशिरा दिसलं.

वर सज्ज्यावर कपडे वाळत होते. मधोमध, वाऱ्यावर पाय झाडत, माझी लांब विजार. हिवाळ्यात आत घालायची. उलटी टांगलेली, कारण किनुए ती नेहमी पायांकडून टांगायची. उजव्या गुडघ्याला ठिगळ. घराएवढ्या पडद्यावर, दोन पोरांच्या डोक्यांच्या बरोबर मधे.

मी चिसातोच्या कानाशी म्हणालो, ती माझी आहे.

"ती?" ती कुजबुजली. "ती सगळ्या देशाला माहीत आहे, आजोबा. आम्ही तिला बँडमधला तिसरा म्हणतो."

माणसाने चाळीस वर्षं इमानाने नोकरी करावी, गावात कोणाशी वाईट वागू नये, आणि त्याची ओळख देशाला अशी व्हावी. मी उठून जाणार होतो. पण त्याच क्षणी मला दिसलं की गुडघ्यावरचं ठिगळ आणि त्यामागचा कठडा, दोन्हीचा रंग एकच आहे. अगदी एक. कुठे विजार संपते आणि कुठे लोखंड सुरू होतं, कळत नाही. ठिगळ किनुएच्या जुन्या एप्रनचं होतं, धुऊन धुऊन विटलेलं. आणि ती विजार घरात खणात होती.

दुसऱ्या दिवशी मी ती दुकानात नेली, दुकानदाराने ठिगळावर पट्टी धरली आणि क्रमांक निघाला. नागाए म्हणाला, क्रमांक कशावरून काढला त्याचा पुरावा जोडावा लागतो. मी पिशवीतून पुरावा काढून खिडकीवर ठेवला. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "ही ती आहे का?" मी हो म्हणालो. त्याने उभं राहून वाकून नमस्कार केला. मला नव्हे, विजारीला. मग पुराव्याचा फोटो काढून घेतला, अर्जावर शिक्का मारला आणि म्हणाला, तीस दिवस.

जुलैच्या मध्यावर कुसाकाचं पत्र आलं. किनुएची बातमी त्याला उशिरा कळली होती. तेरा ऑगस्टला, ओबोनच्या पहिल्या दिवशी, तो उदबत्ती लावायला येणार होता. शेवटी लिहिलं होतं की बाईंनी शब्द पाळला, जिना तसाच राहिला, याचे आभार त्यांच्यासमोर बसून मानायचे आहेत.

माझे तीस दिवस नऊ ऑगस्टला संपत होते.

दहा तारखेला पहाटे सुरुवात केली. हिरवा रंग निघेना, कारण खाली गंजरोधकाचे दोन हात होते आणि ते मी मन लावून दिले होते. त्सुकुदा वहिनी आल्या, इशिगुरो सर बाही सरसावून आले, चिसातो चार मैत्रिणींना घेऊन आली. अकराला संध्याकाळी निळसर राखाडी लागला आणि सगळे मागे सरून बघायला लागले. वाईट दिसत होता. म्हणजे नवाकोरा दिसत होता. मग गंज काढायचं काम सुरू झालं. काढायचं म्हणजे चित्रातल्यासारखं. चिसातोकडे यादी होती. दुसऱ्या पायरीला डावीकडे पोपडा, सातवीला मधे तपकिरी डाग, कठड्याखाली ओघळ. सरांनी स्पंजाने ओघळ काढले आणि ते इतके सुरेख आले की ते मुलींना कसे काढायचे ते शिकवत बसले. मी एक पायरी नीट रंगवली की मागून कोणीतरी म्हणायचं, आजोबा, एवढी नीट नको. चार दिवसांत चांगला केलेला जिना तीन दिवस आठ माणसं मिळून खराब करत होती, आणि सगळ्यांच्या मते सर्वांत कमी खराब काम माझं होतं.

तेराला सकाळी चिसातोला चौथी पायरी पसंत पडेना. म्हणाली, सगळे इथेच बघतात. मी पुन्हा एक हात दिला.

कुसाका दुपारी आला. चाळिशीचा, काळ्या सुटात, घामाघूम. देव्हाऱ्यासमोर बराच वेळ बसला. किनुएच्या फोटोशी हळू आवाजात बोलला, ते मी ऐकलं नाही. ताटात तिला घरी घेऊन येणारा काकडीचा घोडा तयार होता. मग बाहेर आला आणि जिन्यासमोर उभा राहिला. त्सुकुदा वहिनी झाडांना पाणी घालत होत्या, झाडं नसलेल्या कुंडीत. सरांनी दोन्ही हात खिशात घातले होते, कारण ते तपकिरी होते.

कुसाकाने कठड्यावरून नजर फिरवली, खालून वर, वरून खाली. मग म्हणाला, "अगदी तसाच आहे हो. बाईंनी मला सांगितलं होतं, पण खरं सांगतो, माझा विश्वास बसला नव्हता. म्हटलं, इतकी वर्षं कोणी जिना नुसता बघत कसा बसेल?"

मी निवृत्त सरकारी माणूस आहे. हिवाळ्यात, पावसात, दंडाला लावायची पट्टी बांधून मी घरोघर मीटर वाचले आहेत, एक दिवस खाडा नाही. कोणी मला कामचुकार म्हटलेलं मला खपत नाही. मी हातातलं फडकं पाठीमागे घेतलं.

"मी फार आळशी माणूस आहे," मी म्हणालो. "बायको सांगून सांगून थकली. मी बोट लावलं नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही. तिला माहीत होतं."

त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, एक मिनिट बसू का तिथे? आणि आम्ही कोणी काही म्हणायच्या आत चौथ्या पायरीवर जाऊन बसला. चिसातोने तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं, तिने ते मिटलं. तो चांगली पाच मिनिटं बसला, समुद्राकडे बघत, कोणीतरी काहीतरी बोलून गेल्यासारखा. मग उठला, आमच्या समोर खोल वाकला आणि उतारावरून स्टेशनकडे चालू लागला.

त्याच्या काळ्या सुटाला मागून निळसर राखाडी रंगाचे दोन रुंद पट्टे होते.

आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत वाकून राहिलो. कोणी मान वर केली नाही.